डेनी क्रीक कॅम्पग्राउंड: आय-९० हायवेच्या आवाजात झोप लागते का? (सोबत आई-बाबा आणि चार वर्षांचा मुलगा)

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. जुलैत आई-बाबा साताऱ्याहून येताहेत आणि नवऱ्याने ठरवूनच टाकलंय की त्यांना एक रात्र तरी तंबूत झोपवायचं. आम्ही सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला राहतो, गाडीत फार वेळ बसणं बाबांना झेपत नाही, मुलगा लहान, म्हणून स्नोक्वाल्मी पासच्या (घाटाच्या) अलीकडचं डेनी क्रीक बघतोय, एक्झिट ४७ वालं. फोटो बघून जीव हरखलाय, उंच झाडं, खालून नदी, कॅम्पग्राउंडही छोटंसंच. पण रिव्ह्यूमधे जो तो लिहितोय की हायवेचा आवाज येतो, काही जण तर म्हणतात झोपच लागली नाही. आईची झोप खूप सावध आहे, पान पडलं तरी उठते. कुणी राहिलंय का तिथे? आवाज खरंच किती असतो? आणि म्हातारी माणसं बरोबर असताना अजून काय काय बघून ठेवायला हवं तेही सांगा.

इस्टसाइडकर
आवाज येतो, खोटं कशाला सांगू. ती दरीच अशी आहे की हायवे दोन भागात फुटतो. पूर्वेकडे जाणाऱ्या लेन दरीच्या एका अंगाला आणि सिअ‍ॅटलकडे येणाऱ्या लेन दुसऱ्या अंगाला, उंच पुलावरून. कॅम्पग्राउंड मधे तळाशी. म्हणजे आवाज एका दिशेने येत नाही, दोन्हीकडून येतो. पण सतत एकसारखी घरघर असेल तर तिची सवय होते हो, झोप उडते ती ट्रकमुळे. पासवरून खाली येताना ट्रकवाले इंजिन ब्रेक लावतात, त्याचा तो घर्रर्र-टरटर आवाज रात्री दोनला आला की सावध झोपेचा माणूस उठणारच.
उपाय एकच, नदीकाठची साइट (तंबूची ठरलेली जागा) मिळवा. साउथ फोर्क स्नोक्वाल्मी अगदी लागून वाहते, तिचा खळखळाट बराच आवाज झाकतो.

घाटवाट
माझं स्पष्ट मत, हायवेशेजारी झोपायचं असेल तर घरीच झोपा. रानात जायचं ते रानाचा आवाज ऐकायला ना? एक्झिट ३४ ने आत मिडल फोर्क नदीच्या खोऱ्यात जा. रस्ता आता पक्का झालाय, आधी तिथे गाडीचे हाल व्हायचे. हायवेपासून बऱ्यापैकी आत कॅम्पग्राउंड आहे, मोठाली सीडरची झाडं आहेत, शेवाळं लोंबतंय, रात्री नदी सोडून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आई-बाबांना एकदाच दाखवायचंय तर चांगलं तेच दाखवा.

दगडफूल
@घाटवाट दादा, मिडल फोर्क सुंदर आहे यात वादच नाही, पण तिथे फोनला रेंज नाही आणि बाहेर यायला वेळ लागतो. सत्तरीच्या माणसाला रात्री छातीत धडधडलं, बीपी वर गेलं किंवा पोराला ताप भरला तर काय करायचं? डेनी क्रीकवरून दहा मिनिटांत हायवे, स्नोक्वाल्मीला हॉस्पिटल. माझ्या सासूबाई दम्याच्या, आम्ही त्यांना घेऊन गेलो ते याच कारणासाठी. काही झालं नाही, पण निघता येईल हे माहीत होतं म्हणून त्या निवांत राहिल्या आणि आम्हीही. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हायवे जवळ असणं मला तरी मोठी सोय वाटते.

चकलीपात्र
दगडफूलताईंना +१. आणि पाऊस आला तर रात्री अकराला तंबू गुंडाळून घरी येता येतं हेही धरा त्यात. कॅस्केड डोंगरांतला पाऊस कुणाला विचारून येत नाही.

बाकरवडी_बेलव्ह्यू
ट्रकचा आवाज ऐकून बाबांना खंबाटकी घाटाची आठवण येईल, अगदी घरच्यासारखं वाटेल त्यांना :)

पाऊसवेडी
@बाकरवडी हाहा, बाबांचं आयुष्य त्या रस्त्याच्या जवळ गेलंय, त्यांना काहीच वाटणार नाही. प्रश्न आईचाच आहे.
सगळ्यांना धन्यवाद. थंडीचं पण सांगा ना. जुलै आहे तर साधी पांघरुणं चालतील का?

केनमोरकर
नाही चालणार. दिवसा शहरात ८० फॅरनहाइट असलं तरी तिथे पहाटे ४५ ते ५० पर्यंत उतरतं. दरीचा तळ, बाजूला बर्फ वितळून आलेलं नदीचं पाणी, वर झाडांमुळे ऊन उशिरा येतं. आणि लोक कायम वरून पांघरायचा विचार करतात, थंडी येते खालून. जमीन अंगातली ऊब शोषून घेते. हवा भरायची जाड गादी असते ना घरी पाहुण्यांसाठी, ती मऊ असते पण आतली हवाच गार पडते आणि पाठ गारठते. तिच्याखाली फोमची चटई आणि वर जाड रजई किंवा घोंगडी घाला. स्लीपिंग पॅड विकत घेणार असाल तर त्यावर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, तो आकडा बघून घ्या, जितका जास्त तितकं जमिनीपासून संरक्षण.
बाबांच्या गुडघ्यांना त्रास असेल तर कॅम्प कॉट घ्या, घडीची खाट. जमिनीवरून उठणं फार अवघड जातं या वयात, त्यातून तंबूचं दार बुटकं. पण खाटेखालून वारा फिरतो, म्हणून खाटेवरही पॅड हवंच.
आणि हात जोडून एक सांगतो. थंडी वाजली म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर तंबूत घेऊ नका, निखारे विझत आलेले असले तरीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळत नाही आणि माणूस उठतच नाही. गरम पाण्याची पिशवी घ्या, रबराची, आपली जुनी. पायाशी ठेवली की सकाळपर्यंत काम करते.

रानपाखरू
केनमोरकरांनी शेगडीचं सांगितलं ते बरं झालं, प्रत्येक कॅम्पिंगच्या धाग्यावर ते लिहायलाच हवं.
मी खाण्याबद्दल सांगते. तिथे काळी अस्वलं आहेत. माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण वासावर येतात. खाण्याची एकही वस्तू तंबूत नको, चॉकलेट नको, मुलाच्या खिशातलं बिस्कीट नको, टूथपेस्ट आणि क्रीमसुद्धा गाडीत, काचा बंद करून. आपल्या लोकांचा घोळ इथे होतो की आईच्या पर्समधे चिवड्याची पुडी असते आणि ती पर्स उशाशी असते.
दिवसा खरे चोर पक्षी. निळा, डोक्यावर काळा तुरा असलेला स्टेलर्स जे येतो, आणि एक करडा असतो त्याला इथले लोक कॅम्प रॉबरच म्हणतात. आमच्या टेबलावर तो करडा येऊन बसला, आधी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, मग ताटलीच्या कडेला उडी, धपाट्याचा तुकडा चोचीत आणि समोरच्या हेमलॉकच्या झाडावर. तिथे त्याने तो फांदीच्या सालीत नीट कोंबून ठेवला, पुढच्या खेपेसाठी. मुलं बघत राहिली. पण मुद्दाम काही घालू नका त्यांना, माणसाच्या हातचं खायची सवय लागली की त्यांचंच नुकसान होतं.

चकलीपात्र
जेवणावर मी बोलणारच :)
पहिल्या रात्री तिथे जाऊन स्वयंपाक मांडू नका. तंबू लावता लावताच दिवस जातो, पोर रडायला लागतं, सगळे भुकेले. घरून धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, लोणचं न्या आणि तिथे फक्त गरम मेतकूट भात करा, वर तूप. थंडीत त्या भाताची चव काही वेगळीच लागते. सकाळी दोन बर्नरच्या प्रोपेन शेगडीवर पोहे आणि चहा. कांदा घरूनच चिरून, पोह्यांची फोडणी छोट्या बाटलीत करून नेली तर दहा मिनिटांचं काम. पिठलं पण मस्त होतं, बेसन घरूनच भाजून न्या.
एकच, भांडी नदीत धुवायची नाहीत. आईला आधीच सांगून ठेवा कारण वाहतं पाणी बघितलं की आपल्या बायकांचे हात शिवशिवतात. टबात धुवायची, खरकटं गाळून कचऱ्यात टाकायचं. प्यायचं पाणी घरून भरून न्या, पाच गॅलनचा तोटीवाला कॅन मिळतो, टेबलाच्या कडेला ठेवला की हात धुवायलाही सोपं.

पिंपरीचा_प्रवासी
मी पुण्यात असतो, इथे नुसता वाचत असतो. हे सगळं वाचून हेवा वाटला. आमच्याकडे पवना धरणाच्या काठाला कॅम्पिंग म्हणजे ओळीने लावलेले तंबू, बार्बेक्यू, आणि बऱ्याच ठिकाणी स्पीकर. एक्सप्रेसवे जवळ म्हणून सगळी मुंबई-पुणे तिकडे. तुमच्याकडे रात्री गाणी लावत नाहीत का कुणी?

दगडफूल
@पिंपरीचा_प्रवासी रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असा नियम असतो, जनरेटर पण बंद. बहुतेक लोक पाळतात, नाही पाळलं तर कॅम्पग्राउंडचा होस्ट येऊन सांगतो. एका ठिकाणी (हे नव्हे) शेजारच्या ग्रुपने उशिरापर्यंत गोंधळ घातला होता, त्यात आपलीच मंडळी होती आणि गाणी मराठी होती. मला फार वाईट वाटलं. गाणं म्हणावंसं वाटणारच, म्हणा की, पण नऊच्या आत, शेकोटीभोवती, बिनस्पीकरचं.

घाटवाट
पवनेचं दुःख खरं आहे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यालगत झोपलोय पूर्वी, वारा सोडून आवाज नव्हता. आता शनिवारी तिथेही तंबूच तंबू. म्हणूनच मी म्हणतो ना, शांत जागा आहे तोवर शांत जागी जा.

केनमोरकर
विषय थोडा सोडून, तो उंच पूल ज्यावरून सिअ‍ॅटलकडे येणारी वाहतूक जाते, त्याबद्दल. लोक त्याला नावं ठेवतात की रानाच्या डोक्यावर काँक्रीट. पण तो तसा अधांतरी का बांधलाय माहितीये? तो उतार हिमस्खलनाचा आहे. पूल उंच ठेवल्याने बर्फ खालून निघून जातं, रस्त्यावर येत नाही. जमिनीवर भराव घालून रस्ता केला असता तर झाडंही जास्त गेली असती. मी स्ट्रक्चरलचा माणूस, मला त्या खांबांखाली उभं राहून वर बघायला फार आवडतं. डेनी क्रीकची पायवाट त्याच्या बरोब्बर खालून जाते. वर ट्रक धावताहेत आणि खाली आपण नेच्यांमधून चालतोय. तोच आय-९० पुढे थेट बॉस्टनला जातो, ३,००० मैलांच्या वर, देशातला सगळ्यात लांब इंटरस्टेट. तुमच्या बाबांना हे नक्की सांगा.

पाऊसवेडी
@केनमोरकर बाबा पीडब्ल्यूडीत होते!! आता ते पूल बघितल्याशिवाय परत येणार नाहीत. हे सगळं आत्ताच त्यांना फोनवर वाचून दाखवते.
तिथे आजूबाजूला बाबा चालू शकतील असं काही आहे का? आई चालते भरपूर, बाबा हळू.

भटकभवानी
आहे ना! फ्रँकलिन फॉल्स. पायवाटेची सुरुवात कॅम्पग्राउंडजवळच आहे, जाऊन-येऊन साधारण २ मैल, चढ सौम्य, चार वर्षांचं मूल आरामात जातं. सत्तर फुटांचा धबधबा, त्याच्या वरच्या अंगाला तोच हायवेचा पूल. बाबांना काठी द्या आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे धबधब्याच्या पायथ्याशी खडकांवरून उतरायचं असतं तिथे जाऊ देऊ नका, सतत तुषार उडून ओलं आणि निसरडं असतं. वरूनही छान दिसतो. शनिवारी अकरानंतर मुंग्यांसारखी माणसं असतात. कॅम्पग्राउंडमधे मुक्काम असण्याचा खरा फायदा हा, सकाळी सातला चहा पिऊन निघा, सगळी वाट तुमची.
जरा धडधाकट मंडळींनी डेनी क्रीकच्या वाटेने सव्वा मैलावर नैसर्गिक घसरगुंडी आहे तिकडे जावं, गुळगुळीत कातळावरून पाणी वाहतं. जुलैच्या सुरुवातीला पाणी जास्त असतं, तेव्हा लहान मुलांना सोडू नका. पुढे चालत राहिलात तर मेलाक्वा लेक, पण ते एका बाजूने साडेचार मैल आहे, तुमच्यासाठी नाही.
दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर एक्झिट ५४ ला जुना रेल्वेचा बोगदा. मिलवॉकी रोड कंपनीचा, १९१४ चा, सव्वादोन मैलांहून लांब, आता सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी. ऐन उन्हाळ्यातही आत स्वेटर लागतो आणि मिट्ट काळोख. बाबांना तोंडाशी पन्नास पावलं आत नेलंत तरी खूश होतील.

इस्टसाइडकर
शेकोटीचं कुणी बोललं नाही अजून. लाकडं घरून नेऊ नका, लाकडातून किडे एका रानातून दुसऱ्या रानात जातात, तिथेच जवळपास विकत घ्या. उन्हाळ्यात आगबंदी कधीही लागू होते. सौम्य बंदीत कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यात शेकोटी चालू शकते, कडक बंदीत तेही नाही, गॅसची शेगडी बहुतेक वेळा चालते. निघायच्या आदल्या दिवशी फॉरेस्ट सर्व्हिसच्या वेबसाइटवर बघाच. आणि झोपण्याआधी शेकोटीत पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर विझलेली नाही. माती टाकून निघून जाणारे बघितले की माझं डोकं फिरतं, मातीखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात.

बाकरवडी_बेलव्ह्यू
बुकिंगचं बघितलंत का पण? जुलैचे शनिवार सहा महिने आधी उघडतात आणि भराभर जातात.

पाऊसवेडी
शनिवार गेलेत सगळे. रविवार-सोमवार शिल्लक दिसतोय, आणि एका शुक्रवारी कुणीतरी रद्द केलेली एक साइट. शुक्रवारची नदीकाठची नाहीये, आतल्या बाजूची आहे. रविवारची नदीकाठची. नवऱ्याला सोमवारी सुट्टी घ्यावी लागेल.

भटकभवानी
रविवार घ्या, डोळे झाकून. सुट्टी टाकू दे त्यांना.

इस्टसाइडकर
रविवारच. अजून एक सांगतो, रविवारी दुपारी सगळी गर्दी सिअ‍ॅटलकडे परतत असते, तुम्ही उलट्या दिशेने जाणार. येतानाही सोमवारी दुपारी निघालात तर वाट मोकळी. रात्री मात्र ट्रक रोजच असतात, त्यात वार बघून फरक पडत नाही.

रानपाखरू
म्हाताऱ्यांचं अजून एक. रात्री बाथरूमला उठावं लागतं, म्हणून साइट टॉयलेटपासून लांब नको, पण अगदी शेजारीही नको कारण दाराचा आवाज आणि उजेड. नकाशावर बघून दोन-तीन साइट सोडून घ्या. वाटेत मुळं वर आलेली असतात झाडांची, दिवसाउजेडी एकदा आईला तो रस्ता चालवून आणा. कपाळावर बांधायचा दिवा दोघांना वेगवेगळा द्या, एकात भागवू नका. तंबूच्या दाराशी एक छोटं स्टूल ठेवा बूट घालायला. आणि तंबूच्या दोऱ्यांना पांढरं फडकं बांधा, रात्री अडखळून पडतात लोक.

दगडफूल
रानपाखरूने लाखमोलाचं सांगितलं. तंबू उभं राहता येईल इतका उंच घ्या. साडी नेसत असतील आई तर बुटक्या तंबूत कपडे बदलणं फार अवघड होतं, माझ्या सासूबाईंनी शेवटी गाडीत बदलले.

घाटवाट
मी माझ्या मतावर ठाम आहे की शांतता मिडल फोर्कलाच :) पण आई-बाबांचं वय आणि बाबांचं पुलांचं प्रेम बघता डेनी क्रीक बरोबर आहे हे मान्य. मूळ प्रश्नाला धरून एक मुद्दा, जो कुणी लिहिला नाही. नदीचा आवाज वर्षभर सारखा नसतो. जून-जुलैत बर्फ वितळून पाणी भरपूर असतं, तेव्हा ती हायवेला चांगली झाकते. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात पाणी उतरलं की नदी गप्प आणि ट्रक मोठे. "झोप लागली नाही" वाले रिव्ह्यू कुठल्या महिन्यातले आहेत ते बघा. जुलैत नदीकाठी, तंबूचं डोकं नदीकडे करून झोपलात तर आईंना त्रास कमी होईल. तरी कानातले बोळे उशाशी ठेवा, फोमचे, मेडिकलमधे मिळतात. पाच वाजता पक्षी सुरू होतात, तेव्हा ते काढायला सांगा. स्वेन्सन्स थ्रश नावाचा एक पक्षी आहे, त्याची शीळ वर वर चढत जाते. ती ऐकू आली तर ट्रकचं काही वाटणार नाही.

पाऊसवेडी
घाटवाट दादा, बघितलं, रिव्ह्यू खरंच बरेचसे ऑगस्ट-सप्टेंबरचे आहेत!
रविवारची नदीकाठची साइट बुक केली आत्ताच, टॉयलेट चार साइट सोडून. कॅम्प कॉट मागवला. आई म्हणतेय ती पातेल्यात भात करणार नाही, कुकर न्यायचाच. शिट्टीने अस्वल येईल का :)

चकलीपात्र
न्या बिनधास्त, छोटा तीन लिटरचा. अस्वल शिट्टीला येत नाही, वासाला येतं, म्हणून जेवण झाल्यावर कुकर धुवून गाडीत. प्रोपेनची ज्योत वाऱ्याने हलते, शेगडीला आडोसा करा, नाहीतर शिट्टीच होत नाही.

वाचकमात्र
फ्रँकलिन फॉल्सला डिस्कव्हर पास चालतो का? आमच्याकडे तोच आहे.

भटकभवानी
@वाचकमात्र नाही. ते राज्याच्या जागांसाठी. फ्रँकलिन फॉल्स नॅशनल फॉरेस्टमधे येतं, तिथे नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो, दिवसाचे ५ डॉलर किंवा वर्षाचे ३०. नॅशनल पार्कवाला अमेरिका द ब्युटिफुल पास असेल तर तोही चालतो. बोगद्याला मात्र डिस्कव्हर पासच हवा. पाऊसवेडी, तुम्ही गाडी साइटवरच ठेवून चालत निघालात तर फॉल्ससाठी पार्किंगचा प्रश्नच नाही.